भाऊसाहेब आणि ओली फरशी

भाऊसाहेबांनी पहिल्याच भेटीत माझ्या हातात बारा गुलाब ठेवले. पहाटेचे साडेपाच वाजले होते, ओढ्याकाठी नुकतं कुठे दिसू लागलं होतं आणि मी त्या गावच्या शाळेवर बदलून येऊन चार दिवस झाले होते. मी आधी फुलांकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. ते घाईघाईने म्हणाले, "गैरसमज करून घेऊ नका मॅडम. ही तुमच्यासाठी न्हाईत. त्या बाभळीमागं कोणी बसलेलं दिसलं की एकेक द्यायचं. हसून द्यायचं. शिवी दिली की माणूस भांडतो, हसून फूल दिलं की लाजतो."

तेव्हा गावं स्वच्छ करायच्या मोहिमेचे दिवस होते. घरात संडास बांधून त्यात सरपण भरायचं आणि स्वतः टमरेल घेऊन ओढ्याला जायचं, अशी पुष्कळांची रीत होती. त्यांना पहाटे गाठायला 'गुड मॉर्निंग पथक' निघायचं. त्यात शिक्षक, अंगणवाडीच्या ताई, आरोग्यसेवक, म्हणजे ज्यांना नाही म्हणता येत नाही ते सगळे भरती केलेले असत. पथकाचे म्होरके ग्रामसेवक. आमच्याकडे ग्रामसेवकाला भाऊसाहेब म्हणतात. या गृहस्थांना उभ्या आयुष्यात इतक्या लोकांनी भाऊसाहेब म्हटलं होतं की लग्नपत्रिकांवरही त्यांचं नाव तसंच छापून यायचं. ते राहायला त्याच गावात होते, मीही तिथेच खोली घेतली आणि योगायोगाने आमची भिंतीला भिंत लागली. गेल्या फाल्गुनात ते गेले. ती भिंत अजून आहे आणि पलीकडून आवाज येत नाही याची सवय मला अजून झालेली नाही.

उंच, किडकिडीत देह, पांढरा पायजमा, गळ्यात लाल दोरीत ओवलेली शिट्टी. ही शिट्टी ते इतकी मनापासून वाजवत की बसलेली माणसं अर्ध्यावर उठून पळायची. एकदा बाभळीमागे त्यांचा सख्खा मेहुणाच सापडला. आता हे काय करतात म्हणून सगळं पथक बघत राहिलं. भाऊसाहेबांनी त्याला दोन फुलं दिली. "घरचा माणूस हाये, एक जास्ती," म्हणाले. मेहुणा त्यानंतर सहा महिने बहिणीकडे जेवायला आला नाही.

त्यांचं एक आवडतं वाक्य होतं. "मॅडम, संडास अनुदानानं बांधला जातो, पण वापरला जातो लाजेनं." मला तेव्हा ते फार शहाणपणाचं वाटायचं. मी ते शाळेच्या फळ्यावरसुद्धा लिहिलं होतं.

चेअरमन आम्हाला त्याच ओढ्यात सापडला. पिवळ्या रंगाचं, एक कान पडलेलं गावठी पिल्लू. पथकाच्या मागे बिस्किटांसाठी चालत आलं आणि भाऊसाहेबांच्या घरी राहिलं. हे नाव काहून ठेवलं, असं कुणी विचारलं की ते सांगायचे, "कामाला हात लावत न्हाई, पण प्रत्येक बैठकीला हजर असतो. दुसरं काय नाव ठेवू?" चेअरमन रोज पथकाबरोबर यायचा. शिट्टी वाजली की भुंकायचा, माणूस उठून पळाला की त्याला घरापर्यंत सोडून यायचा. भाऊसाहेबांना मुलं दोन, दोन्ही पुण्याला. निवृत्तीनंतर त्यांचं बोलणं ऐकून घ्यायला घरात त्यांच्या पत्नी अनसूयाकाकू आणि चेअरमन एवढेच उरले. काकूंना कामं असायची, त्यामुळे मुख्य श्रोता चेअरमन.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात एके सकाळी काकूंचा आवाज भिंतीतून आला. "अवो, उठा! तुमच्या चेअरमननं बघा काय केलं!" मी गेले. आतल्या खोलीत शहाबादी फरशीवर भला मोठा ओघळ. चेअरमन कोपऱ्यात मान खाली घालून बसला होता. बाहेर सलग तीन दिवस धो धो पाऊस होता आणि या कुत्र्याला पाऊस मुळीच आवडत नसे. मी म्हटलं, पावसामुळे केलं असेल, पुसून टाका. पण ते पुसलं तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा. पाऊस थांबला तरी फरशी ओलीच.

भाऊसाहेबांनी दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी निदान सांगायला माझ्याकडे आले. आवाज अगदी खाली आणून म्हणाले, "मॅडम, चूक आपली हाये. हे लेकरू आपल्या पथकात वाढलं. त्यानं काय बघितलं? जो बाहेर बसतो त्याच्यावर शिट्टी, त्याच्या हातात फूल, त्याची फजिती. जो घरात जातो त्याला कोणी काही म्हणत न्हाई. दहा वर्षं ते इचार करून राहिलं असंल. आता त्याला कळलं. आपणच त्याला घरात बसायला शिकवलं!"

मी हसले. ते हसले नाहीत. सेवेच्या अखेरच्या दहा वर्षांत त्यांनी अख्ख्या गावाला बाहेरून आत आणलं होतं. आता एका कुत्र्याला आतून बाहेर न्यायचं होतं. त्यांच्या मते हे काम त्यांच्याशिवाय कोणी करूच शकत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर निवृत्तीनंतर इतका आनंदी झालेला त्यांचा चेहरा मी पहिल्यांदाच पाहत होते.

काकू मात्र मुळीच आनंदी नव्हत्या. त्यांच्या घरी भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात. तीन दिवस सोवळं, पुरणावरणाचा स्वयंपाक, गावातल्या बाया दर्शनाला. त्यांनी स्वच्छ सांगून टाकलं, "महालक्ष्म्या यायच्या आत हे घर कोरडं पाहिजे. न्हाई झालं तर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विलास येईल आन् कुत्रं आखाड्यावर जाईल." विलास म्हणजे भाऊसाहेबांचा पुतण्या, आणि आखाडा म्हणजे त्याच्या शेतातला गुरांचा गोठा, औंढ्याच्या रस्त्याला. तिथे आधीच तीन दांडगी कुत्री होती. चेअरमनचे पुढचे दात पडलेले, मागचा एक पाय आखडलेला. तिथल्या कुत्र्यांनी त्याला आठवडाभरही जगू दिलं नसतं, हे काकूंसकट सगळ्यांना ठाऊक होतं. भाऊसाहेबांनी ते ऐकून चेअरमनच्या डोक्यावर हात ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून मोहीम सुरू झाली. आधी भिंत रंगवली. गेरूने, कुत्र्याच्या डोळ्यांच्या उंचीवर, गुडघ्यावर बसून भाऊसाहेबांनी लिहिलं: 'चेअरमन असो वा सरपंच, बाहेरच करावा प्रपंच.' काकूंनी कपाळाला हात लावला. "कुत्र्याला वाचता येतंय व्हय?"

"गावाला तरी कुठं येत होतं?" भाऊसाहेब म्हणाले. "तरी सगळ्या भिंती रंगवल्या की न्हाई?"

मग फूल. ओल्या फरशीजवळ चेअरमनला बसवून त्यांनी त्याला गुलाब दिला, हसून. चेअरमनने तो खाल्ला आणि थोड्या वेळाने चटईवर ओकून टाकला. काकूंनी चटई धुतली आणि फुलांचा कार्यक्रम बंद पाडला. मग शिट्टी. फरशी ओली दिसली की चेअरमनला तिथे आणायचं, शिट्टी वाजवायची, ओढत अंगणातल्या कडुनिंबाखाली न्यायचं, पुन्हा शिट्टी वाजवायची आणि त्याने पाय वर केला की बिस्किट. शिवाय रोज सकाळी त्याच्यासमोर पाटावर बसून भाषण. ते मला भिंतीतून स्पष्ट ऐकू यायचं. "अरे, तुझं वय काय? तुझी गावात इज्जत काय? लोकाला कळलं तर काय म्हणतील? ह्या वयात असं करतेत का? जरा दम धरत जा. जरा लवकर उठत जा." ते ऐकताना मी हसून हसून चहा सांडत असे. आज ती वाक्यं आठवली की मला माझंच हसणं सोसवत नाही.

पंधरा दिवसांत चेअरमन शिकला, आणि इतका शिकला की घोटाळा झाला. कुठेही शिट्टी वाजली की तो धावत कडुनिंबाखाली जाऊन पाय वर करू लागला. काकूंच्या कुकरला डाळीसाठी तीन शिट्ट्या लागायच्या. चेअरमन तीनदा बाहेर जायचा. तिसऱ्या खेपेला आत काही शिल्लक नसायचं, तर नुसताच पाय वर करून हजेरी लावायचा आणि बिस्किटासाठी परत यायचा. घरामागच्या मैदानावर पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं सकाळी शिट्टीवर धावायची. त्या तासभरात चेअरमनचं बिचाऱ्याचं काय व्हायचं ते विचारू नका. कडुनिंब लांब पडायला लागला तेव्हा त्याने माझ्या स्कूटीचं मागचं चाक धरलं. मी तक्रार केली तर भाऊसाहेब अभिमानाने म्हणाले, "बाहेर हाये ना स्कूटी? मंग बराबर हाये."

एवढं होऊनही सकाळी फरशी ओली असायची.

त्यांनी मला तपासणीला नेमलं. "तपासणीला बाहेरचा माणूस पाहिजे. आपलं आपण तपासलं की सगळं चांगलंच दिसतं," असं म्हणाले. मी सहा वाजता जाऊन बघायची. कधी पलंगाजवळ, कधी मोरीच्या दाराशी, एकदा तर मोरीपासून अवघ्या दोन हातांवर. मी म्हणाले, "भाऊसाहेब, हे कुत्रं दिवसभरात वीस वेळा बाहेर जातंय. रात्रीला ह्याच्या पोटात उरतं काय?" त्यांनी माझ्याकडे न बघता उत्तर दिलं, "जनावर हाये मॅडम. जनावराचा काय नेम." आणि चेअरमनला उगीच एक चापट मारली. चेअरमनने त्यांचा तोच हात चाटला. काकू दारात फडकं घेऊन उभ्या होत्या. खाली बसल्या, पुसलं, आणि वर गोमूत्र शिंपडलं.

पोळा आला. बैलांबरोबर चेअरमनच्या कपाळालाही भाऊसाहेबांनी गुलाल लावला आणि त्याला पुरणाची पोळी घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी फरशी ओली होती. आठच्या सुमारास विलासचा टेम्पो दारात येऊन उभा राहिला.

गल्ली बघायला जमली. कुत्रं सासरी निघावं तशा बायका दारादारात उभ्या. विलासने चेअरमनला उचलून मागे पोत्यावर ठेवलं. तो काही धडपडला नाही, उलट गाडीत बसवलं म्हणून शेपटी हलवत होता. काकू पायरीवर हाताची घडी घालून उभ्या होत्या. भाऊसाहेब फाटकाला धरून होते. विलासने मागचं फळकूट लावलं, पुढे जाऊन बसला, गाडी चालू केली.

"विलास, उतरव त्याला," भाऊसाहेब म्हणाले.

"काहून?" काकूंनी पायरीवरूनच विचारलं.

"त्याचा कसूर न्हाई."

"मंग कुणाचा?"

विलासने गाडी बंद केली. भाऊसाहेबांनी फाटक सोडलं, एकदा सगळ्या गल्लीवर नजर फिरवली. त्यातल्या कित्येकांना त्यांनी कधीकाळी बाभळीमागून उठवलेलं होतं. "पहिले चार-पाच त्याचे होते. पावसाचे," ते म्हणाले. "मंगचे त्याचे न्हाईत. मंगचे माझे हायेत. मोरीपस्तोर पोचणंच होत न्हाई मला."

कुणीतरी हसेल अशी मला भीती होती. कुणी हसलं नाही. मला एकेक आठवू लागलं. त्यांनी संध्याकाळचा चहा सोडला होता. कळमनुरीचं जवळच्या नात्यातलं लग्न टाळलं होतं, एसटीत दोन तास बसवत नाही म्हणून. माझ्याशी बोलता बोलता मध्येच उठून जायचे. आणि भिंतीतून ऐकू येणारी ती भाषणं ते चेअरमनला देतच नव्हते. मला रडू आलं, आणि स्वतःचा रागही आला. आम्ही दोघांनी मिळून गावाला एकच गोष्ट शिकवली होती, की या बाबतीत सापडलेल्या माणसाचं हसं होतं. तो धडा सगळ्यात पक्का त्यांचाच झाला होता.

"माहीत हाये," काकू म्हणाल्या. "पायजमे कोण धुतंय तुमचे?"

भाऊसाहेब त्यांच्याकडे बघतच राहिले. "मंग दीड महिना कुत्र्याला काहून बोलून राहिली होतीस?"

"तुमाला बोलता येत नव्हतं म्हणून." काकू पायरी उतरून खाली आल्या. "किती येळा इचारलं, काय तकलीफ हाये का? दर येळी काय सांगितलं? कुत्रं, कुत्रं, कुत्रं. म्हटलं, मरायला टेकतील पण सांगणार न्हाईत. आता कुत्र्यावर येऊ दे, बघू." त्या आत गेल्या आणि भरलेली पिशवी घेऊन बाहेर आल्या. तिच्यात भाऊसाहेबांचे दोन पायजमे, टॉवेल, आधार कार्ड आणि शेंगदाण्याच्या चटणीसोबत बांधलेल्या भाकरी होत्या. "विलास, कुत्र्याला मॅडमच्या अंगणात बांध आन् गाडी नांदेडला घे. मॅडम, तुमीबी चला. यांना साऱ्या गावाचे कागद कळतात, सोताचे न्हाई कळत."

विलास खाली मान घालून हसत होता. म्हणजे त्यालाही ठाऊक होतं. आखाड्याला कुत्रं न्यायचा बेत कधी नव्हताच.

नांदेडच्या दवाखान्यात बाकावर दहाबारा म्हातारे बसले होते. मांडीवर फायली, नजर जमिनीवर, कुणी कुणाकडे बघत नव्हतं. वही घेतलेला एक कंपाउंडर ओळीने तकलीफ विचारून लिहून घेत होता, सगळ्यांदेखत, मोठ्याने. पहिल्याने सांगितलं, पोट दुखतं. दुसरा म्हणाला, अशक्तपणा हाये. तिसरा लाल फेट्याचा, धिप्पाड गडी होता. तो म्हणाला, "कंबर." कंपाउंडर म्हणाला, "आजोबा, कमरेचा डॉक्टर पलीकडच्या इमारतीत आहे." आजोबा म्हणाले, "असू द्या. लिहा कंबर."

मग भाऊसाहेबांची पाळी आली. काकूंनी पदर तोंडाशी धरला. मी सांगू का, असं मी डोळ्यांनी विचारलं. भाऊसाहेबांनी मानेनेच नको म्हटलं, पायजमा सारखा केला आणि ग्रामसभेत विषय वाचायला उठावं तसे उभे राहिले.

"लघवी," ते म्हणाले. सगळ्या बाकाला ऐकू गेलं. "थांबत न्हाई. घरात होते, कपड्यात होते. दीड महिना झाला. आजपस्तोर घरच्या कुत्र्यावर ढकलत होतो. लिहा."

कंपाउंडरने लिहिलं आणि तो पुढे सरकला. दोन पावलं गेला असेल, इतक्यात फेटेवाल्याने त्याला हाक मारली. "अहो, इकडं या. माझं ते कंबर खोडा. ह्यांचं लिहिलं तेच माझं लिहा."

"माझंबी," अशक्तपणावाला म्हणाला.

मग पोटवाल्यानेही बोट वर केलं. कंपाउंडर वैतागला, त्याला पानभर खाडाखोड करावी लागली. आणि इतका वेळ जमिनीकडे बघत बसलेली ती म्हातारी माणसं एकदम एकमेकांशी बोलायला लागली. कुणी नातवाच्या दुपट्यावर ढकललं होतं, कुणी गळक्या पत्र्यावर, एकाने तर तांब्या रोज मुद्दाम सांडून ठेवला होता. काकू पदराआड हसत होत्या, डोळे पुसत होत्या, दोन्ही एकदमच.

फेटेवाला बाकावर सरकला आणि भाऊसाहेबांना जागा करून दिली. "बसा," तो म्हणाला. "तुमच्या कुत्र्याचं नाव काय म्हणता?"

"चेअरमन," भाऊसाहेब म्हणाले. "घरी गेल्यावर त्याची माफी मागायची हाये मला."